वाल्देपेरालेसच्या वीसजणी

वायादोलिद, ३ फेब्रुवारी १९८६

परमपूज्य मदर एस्कोलास्तिका यांस,
म्हणजे आमच्या बाल्बीनाला,

तुला मदर म्हणायची माझ्या जिभेला सवय नाही, आणि या वयात ती लावून घ्यायची इच्छाही नाही. आपण एका अंगणात कोंबड्यांमागे धावलेल्या चुलतबहिणी. तू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, एवढंच तुझं मोठेपण मी मानते.

पत्राला कारण आहे. पुढच्या वर्षी तुमच्या मठाला आठशे वर्षं होतात म्हणून प्रांताच्या साहेबांना उमाळा आलाय. मठाचा इतिहास लिहायचा, पुस्तक छापायचं, आणि पुस्तक निघालं की तुमचं गळकं छप्पर दुरुस्त करायचं. साहेबांना कुणीतरी सांगितलं, बाई वाल्देपेरालेसची आहे, जन्मभर अभिलेखागारात धूळ खाल्लेली आहे, निवृत्त आहे, स्वस्तात पडेल. मी हो म्हटलं. चर्चची पायरी मी फक्त प्रेतयात्रेत चढते हे त्यांनी विचारलं नाही.

महिनाभर वाचतेय. आठशे वर्षांचं सार सांगू? राजाने जमीन दिली. मेंढ्या वाढल्या. तुझ्या पूर्वीच्या मदर लोकांनी शेजारच्या गावांशी पाण्यावरून भांडणं केली. उरलेल्या वेळात प्रार्थना. यात पवित्र काय आहे ते भिंग घेऊन शोधतेय.

एकच प्रकरण चवीचं आहे. १८३६. सरकारने फर्मान काढलं, वीसपेक्षा कमी नन असतील तो मठ बंद आणि जमीन लिलावात. आसपासचे मठ पटापट गेले. तुमचा तेवढा राहिला. कसा? आणि त्याच साली आपला पणजोबा जन्मला, आणि त्याच साली गावाने आपल्या घराण्याला ‘ननचे’ हे नाव चिकटवलं. आपल्या गावात आडनाव फक्त थडग्यावर लागतं, जिवंत माणूस ठेवलेल्या नावावर चालतो, हे तुला सांगायला नको.

मी दोन आणि दोन चार केले. एका ननला मूल झालं. बाप म्हणजे मठाचा पाद्री. पाद्र्याचा वरपर्यंत वशिला होता, म्हणून प्रकरण दाबलं गेलं आणि त्याबरोबर मठही वाचला. सहावं प्रकरण हेच आहे. हस्तलिखित ऑक्टोबर संपताना द्यायचं आहे. तुला आधी कळवतेय ते केवळ नात्याखातर.

कासिल्दा

---

वाल्देपेरालेसचा मठ, २४ फेब्रुवारी

कासिल्दा,

परमेश्वराची शांती तुझ्या घरी असो, तुला नको असली तरी.

आमच्याकडे आलेलं पत्र जेवणाच्या वेळी मोठ्याने वाचायची रीत आहे. पहिल्या चार ओळी वाचल्या आणि पत्र घडी घालून झग्यात टाकलं. बाकीच्यांनी त्या दिवशी हरभऱ्याची आमटी शांततेत खाल्ली. सिस्टर प्रुदेन्सिया ठार बहिरी असूनही ओरडली, “काही चावट होतं वाटतं!” नव्वदी ओलांडली तरी हिला असलं बरोबर ऐकू येतं.

तुझ्या पुस्तकी विद्येबद्दल माझं मत पहिल्यापासून तेच आहे. तुला लहानपणी अंडं द्यायचं आणि म्हणायचं, बघ आत काय आहे. तू ते उजेडात धरायचीस, हलवायचीस, कानाला लावायचीस, आणि शेवटी सांगायचीस की कोंबडी काळी होती. फोडून बघायचं तुला कधी सुचलं नाही.

अंड्यांवरून आठवलं. लग्नात पाऊस पडू नये म्हणून नवऱ्यामुली अजून आमच्याकडे अंडी आणून देतात. खरं तर ती संत क्लाराच्या नन्सना द्यायची असतात. आम्ही बर्नार्दा, वेगळ्याच पंथाच्या. आमचा आणि पावसाचा काडीचा संबंध नाही. पण क्लाराच्या नन्स बुर्गोसला, आणि तिथवर टोपली घेऊन जाण्याएवढी कुणाची भक्ती उतू जात नाही. आम्ही भिंतीतल्या फिरत्या कोनाड्यातून टोपली घेतो, आभार मानतो, आणि पिवळ्या बलकाची मिठाई करून त्यांनाच विकतो. पाऊस पडला तर दोष क्लाराला.

आता कामाचं. आम्ही पाचजणी उरलोय. पाचाखाली गेलो की घर बंद आणि आम्हाला दुसऱ्या मठात पाठवणार, असा नियम आहे. शरदात बिशपकडून मोन्सेन्योर अब्दोन तपासणीला येतील. त्यांना दोनच गोष्टी आवडतात, मोजणं आणि जेवणं. त्या ढेरपोट्याच्या हातात तुझं सहावं प्रकरण पडलं तर त्याला निमित्त शोधावं लागणार नाही.

ते प्रकरण काढून टाक. ते खोटं आहे. खरं काय ते सांगता येत नाही. या घरात काही गोष्टी मठाधिपती झालेल्या बाईलाच सांगतात, आणि तिने त्या पुढच्या बाईलाच सांगायच्या असतात.

बाल्बीना

---

वायादोलिद, १० मार्च

बाल्बीना,

गुपित! मला वाटलंच होतं. तुमच्या धर्माचं असंच असतं. पुरावा मागितला की तुम्ही डोळे मिटता.

खोटं आहे म्हणतेस, तर ऐक. खोटं असो की खरं, ते मी जगले आहे. निकासियो आठवतो? आज पाव भाजतो आणि तुमच्या मिरवणुकीत पुढे चालतो, तो. शाळेच्या दारात उभा राहून म्हणायचा, “ए ननची पोर, तुझ्या आजोबाचा बाप मेला तेव्हा त्याला बापाच्या शेजारी पुरला की बिशपच्या?” सगळी पोरं हसायची. तूही तिथेच असायचीस. तू खाली मान घालून चालायला लागायचीस. मी दगड उचलायचे.

पुढचंही लिहिते, कारण तू तेव्हा आत जाऊन बसली होतीस. औषधवाल्याच्या मुलाशी माझं ठरलं होतं. चादरींवर नावं भरून झाली होती. त्याची आई आमच्या घरी आली, ओट्यावरही बसली नाही, दारातूनच म्हणाली, “मुलीत काही खोट नाही. पण रक्त पाद्र्याचं आहे, ते कुठे ना कुठे बाहेर पडतंच.” माझ्या आईने चादरी पेटीत ठेवल्या. तिलाही ते खरंच वाटत होतं.

तू मठात गेलीस तर गाव म्हणालं, रक्त आपल्या जागी परत गेलं. मी शहरात शिकायला गेले तर म्हणालं, पाद्र्याचं रक्त, एका जागी कसं टिकेल. मी त्या चादरी अजून वापरते. दुसऱ्याच नावाच्या आहेत पण कापड चांगलं आहे.

तेव्हा मला प्रकरण काढायला सांगू नकोस. पन्नास वर्षं ज्या मठाने माझ्या तोंडाला काळं फासलं, त्याचं छप्पर माझ्या मौनावर शाकारलं जाणार नाही.

कासिल्दा

---

वाल्देपेरालेसचा मठ, २ मे

कासिल्दा,

उपासाचा काळ गेला, ईस्टर गेला, आणि मी तुझ्या पत्राला उत्तर देऊ शकले नाही. औषधवाल्याच्या बायकोचं मला माहीत नव्हतं. मला कुणी सांगितलं नाही. कळलं असतं तर मी तिच्यासाठी प्रार्थना केली नसती. केली होती, ती आता परत मागतेय.

मी वचन मोडतेय. परमेश्वराशी माझं मी बघेन. ऐक.

१८३६ साली या घरात सतराजणी होत्या. मोजणीसाठी बुर्गोसहून कारकून यायचा होता. गावात बातमी आली आणि गावकरी मठाच्या दारात गोळा झाले. भक्तीने नव्हे. आपल्या गावात भक्ती कधी एवढी वाढली नाही. मठ गेला तर त्याची पाणचक्की आणि भट्टी लिलावात जाणार, कुणी परका सावकार ती घेणार, आणि मग दळायचं कुठे आणि पाव कुठे भाजायचा? पोट पुढे आणि धर्म मागे, असे आले.

मठाधिपतीने तीन बायका मागितल्या. एक खेचरवाल्याची विधवा. एक पाववाल्याची बहीण, म्हणजे निकासियोच्या घरातली, हे लक्षात ठेव. आणि तिसरी आपली खापरपणजी तोमासा. लग्नाची, नवऱ्याची, आणि अंगावर पिणारं पोर असलेली. मठाधिपती म्हणाली, “पोर घरी ठेव.” तोमासा म्हणाली, “ते माझ्याशिवाय रडतं. घेणार असाल तर दोघांना घ्या.”

तिघींना झगे चढवले. जाळीपलीकडे परका माणूस बसला की आम्ही तोंडावर काळं वस्त्र सोडतो, हे तुला माहीत आहे. कारकुनाला वीस काळी वस्त्रं दिसली. गाणं सुरू झालं. तोमासाला स्तोत्राचं अक्षर येत नव्हतं, ती नुसती ओठ हलवत होती, आणि झग्याच्या आत आपला पणजोबा होता. मध्येच तो रडला. मठाधिपतीने आवाज चढवला, सगळ्यांनी चढवला, पण पोराची छाती मोठी होती.

कारकुनाने लेखणी थांबवून विचारलं, “हे काय?”

“मांजर,” मठाधिपती म्हणाली.

त्याने लेखणी पुन्हा शाईत बुडवली. मग म्हणाला, “त्याला दूध द्या,” आणि वीस लिहून निघून गेला.

गाव त्या रात्री पोट धरून हसलं. तोमासाला ‘नन’ म्हणू लागलं. बाकी दोघींना नाही, कारण त्यांच्याजवळ रडायला पोर नव्हतं. सरकारला कळू नये म्हणून कारण कुणी बोललं नाही. हसणारे मेले, हसू उरलं. नाव उरलं आणि कारण गेलं, आणि रिकाम्या जागी आपलं गाव नेहमी घाणच भरतं.

पाद्री त्या वेळी पंचाहत्तरीचा होता आणि त्याला दोघांनी धरून वेदीपाशी न्यावं लागायचं. तुझे दोन आणि दोन किती झाले ते तूच बघ.

बाल्बीना

---

वायादोलिद, १९ जून

बाल्बीना,

तुझं पत्र वाचून मी गच्चीत बसून पाकीटभर सिगारेटी ओढल्या. आधी हसले. मग रडले, आणि ते लपवण्याचं कारण मला दिसत नाही. मग मला तुझा असा राग आला की मी तुझ्या नावाने एक बशी फोडली.

सहा वर्षं झाली तुला मठाधिपती होऊन. सहा वर्षं तुला माहीत होतं की आपली खापरपणजी कुणाची रखेल नव्हती, सबंध गावाची भट्टी वाचवणारी बाई होती. आणि तू ते झग्यात घडी घालून ठेवलंस. झाकली मूठ सव्वा लाखाची, नाही का? लाख तुमचे, मूठ आमच्या घराण्याची.

आता हे छापलं जाणार. पाद्र्याचं प्रकरण मी फाडलं आहे, चूक मान्य करते, पुन्हा करायला लावू नकोस. पण तोमासाचं प्रकरण राहील, नावासकट, पोरासकट, मांजरासकट. निकासियोच्या घरातल्या त्या बाईसकट! तो ते वाचेल तेव्हा मला त्याच्या दुकानात उभं राहायचं आहे.

तू म्हणशील, मठाच्या अखंड आठशे वर्षांचं काय. कसली अखंड? सतरा नन, तीन गावंढळ बायका आणि एक तान्हं पोर, त्यावर तुमची अखंडता. कायद्याने तुमचं घर दीडशे वर्षांपूर्वीच बंद झालं. त्यानंतर जे आहे ते नाटक, आणि त्यात तुम्ही मुख्य पात्रं.

कासिल्दा

---

वाल्देपेरालेसचा मठ, ९ सप्टेंबर

कासिल्दा,

सिस्टर प्रुदेन्सिया कोंबड्यांच्या खुराड्यापाशी पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिला बुर्गोसच्या इस्पितळात ठेवलंय. जाताना स्ट्रेचरवरून ओरडत होती, “माझ्या आसनावर कुणी बसायचं नाही!” नाताळपर्यंत परत येईल असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टर काहीही म्हणतात.

मोन्सेन्योर संत तेरेसाच्या दिवशी येतोय. ऑक्टोबरच्या मध्यावर. गायनाच्या आसनांवर आम्ही चौघी. त्याला पाच दिसायला हव्यात.

पुढचं वाक्य मी तीनदा लिहून खोडलं, तेव्हा नीट वाच. मला विनवणी करता येत नाही. तू ये आणि प्रुदेन्सियाच्या आसनावर बस. तुला लॅटिन येतं. उच्चार भिकार आहेत, पण जाळीपलीकडून चालतील. काळ्या वस्त्राखाली तू कोण आहेस ते त्याला दिसणार नाही. दोन प्रार्थना आणि एक भेट, संपलं.

गावातल्या कुणाला बोलावलं तर संध्याकाळच्या आत बुर्गोसपर्यंत बातमी जाईल. तेव्हा गाव तोंड मिटून राहिलं कारण भट्टी जाणार होती. आता निकासियोकडे विजेची भट्टी आहे.

चौघींपैकी सगळ्यात धाकटी एकसष्टची आहे. यांना दुसऱ्या घरात नेलं तर त्या तिथे मरायला जातील, जगायला नाही. आणि इथे हॉटेल होईल. तुझ्या-माझ्या खापरपणजीने जिथे पोर दडवलं, तिथे कुणी माद्रिदवाला टॉवेल गुंडाळून फिरेल.

तोमासाचं प्रकरण छापायचं तर छाप. मी अट घालत नाही. पण आधी एकदा ये.

बाल्बीना

---

वायादोलिद, १४ सप्टेंबर

बाल्बीना,

नाही.

तुला वेड लागलंय, आणि बंद दारांआड लागलं म्हणून कुणाला कळलं नाही एवढंच. मी सदुसष्ट वर्षांची आहे. मी दिवसाला वीस सिगारेटी ओढते. मी देव मानत नाही आणि मानला असता तर त्याच्याशी भांडले असते. आणि तू मला झगा घालून एका पोटभरू पाद्र्यासमोर स्तोत्रं गायला सांगतेस? जन्मभर मी खोटी कागदपत्रं पकडून लोकांची तोंडं बंद केली. मी स्वतःच आता बनावट नन होऊ?

ज्या घराने मला माझं लग्न, माझं गाव आणि माझी झोप यांची किंमत मोजायला लावली, ते बंद होत असेल तर होऊ दे. मी फुलं पाठवेन.

हा विषय संपला.

कासिल्दा

ता. क. बुर्गोसहून गावाला येणारी संध्याकाळची बस अजून चालते का? पुस्तकासाठी विचारतेय.

---

वायादोलिद, २० ऑक्टोबर

बाल्बीना,

काल पोचले. अंगाला अजून त्या झग्याची खाज येतेय. आठशे वर्षांत तुम्हाला मऊ लोकर सापडली नाही, यावर एक टीप लिहिणार आहे.

तू समोरच्या रांगेत होतीस तरी सांगते, कारण तिथून तुला माझं तोंड दिसलं नाही. लॅटिनमध्ये मी दोनदा चुकले. तिसऱ्या स्तोत्रात मला खोकला आला. सिगारेटवाल्याचा खोकला तुला माहीत नसेल, तो एकदा आला की घर हलवून जातो. मी तोंडात बाही कोंबली. तुम्ही चौघींनी आवाज एवढा चढवला की वरची कबुतरं उडाली. आणि मोन्सेन्योरने जाळीपलीकडून विचारलं, “कुणाला बरं नाही का?”

आणि तू, मदर एस्कोलास्तिका, व्रतस्थ, पवित्र, शांतपणे म्हणालीस, “मांजर आहे.”

मी बाहीत हसत होते की रडत होते ते मलाच कळेना.

त्या ढेरपोट्या गोळ्याला काही कळलं नाही. नंतर जाळीपाशी एकेकीला बोलावून विचारत बसला, “सिस्टर, या घरात तुम्हाला काय कमी पडतं?” तुम्ही सगळ्या म्हणालात, काही नाही, देवाची कृपा. मी म्हटलं, “छप्पर.” तो म्हणाला, “हं.” एवढीच त्याची बुद्धी. मग तुमच्या मिठाईचा दुसरा डबा उघडला.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहिते. प्रुदेन्सियाच्या आसनाचे हात झिजलेत. लाकडात खळगे पडलेत, जिथे जिथे बायका हात टेकवून उठल्या तिथे. माझा हात न शोधता त्यात बसला. मी काळ्या वस्त्राआडून जाळी बघितली आणि मला वाटलं, तोमासाला नेमकं हेच दिसलं असेल. तिला स्तोत्र येत नव्हतं, मला देव येत नाही. आणि त्या गावात जन्मल्यापासून पहिल्यांदा मला लाज वाटत नव्हती.

असो. एवढ्यावरून काही समजू नकोस. हस्तलिखित महिनाअखेरीस द्यायचं आहे आणि तोमासा त्यात आहे.

कासिल्दा

---

बुर्गोस, २७ ऑक्टोबर

आदरणीय मदर एस्कोलास्तिका यांस,

सप्रेम नमस्कार. तपासणीचा अहवाल वर पाठवला आहे. त्याची प्रत वेगळी येईल. हे पत्र खाजगी आहे. आपल्या वायादोलिदच्या भगिनींनाही ते दाखवावं.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी इस्पितळात सिस्टर प्रुदेन्सियांना भेटायला गेलो होतो. त्यांना ऐकू येत नसल्याने त्या सगळंच मोठ्याने बोलतात. सबंध वॉर्डासमोर त्यांनी मला सांगितलं की उद्या त्यांच्या आसनावर मदरची चुलतबहीण बसणार आहे, ती नास्तिक आहे आणि तिने आसनाला सिगारेटचा वास लावू नये. त्यांनी असंही सांगितलं की आपण सगळ्या मला ढेरपोट्या म्हणता. माझं वजन वाढलं आहे हे खरं आहे.

मदर, नियम आपण वाचला असता तर बरं झालं असतं. घराच्या जिवंत सिस्टर मोजायच्या असतात, आसनावर बसलेल्या नव्हे. प्रुदेन्सिया इस्पितळात असल्या तरी आपल्याच घरच्या आहेत. पाचजणी होत्याच. आसनावर बायका मोजण्याची रीत सरकारी कारकुनांची होती आणि ती दीडशे वर्षांपूर्वी संपली. आपल्या घराला ती अजून विसरता येत नाही असं दिसतं. न मागता हात दाखवून अवलक्षण, याला दुसरं नाव मला सुचत नाही.

मी पाच लिहिलं आहे. मोजल्या मात्र सहा.

मांजराला तंबाखू कमी करायला सांगावं. आणि छप्पर खरोखर वाईट आहे, तेही मी लिहिलं आहे. त्या घरात खरं बोलणारी तेवढी एकच सिस्टर मला भेटली.

आपला नम्र,
अब्दोन रेबोयो

---

वाल्देपेरालेसचा मठ, २९ ऑक्टोबर

कासिल्दा,

सोबतचं पत्र वाच. मी ते उभ्याने वाचलं आणि मग बसले.

आपण दोघी जन्मभर सगळ्यांना मूर्ख समजत आलो. मी तुला, तू मला, दोघी मिळून गावाला, आणि त्या माणसाला तर सगळ्यात जास्त. तो तिथे बसून सगळं ओळखत होता आणि मिठाई खात होता. मी नियम वाचलाच नाही. मला तोमासाची गोष्ट माहीत होती, मग नियम कशाला वाचायचा?

तुला उगाच बोलावलं. बोलावलं याचं दुःख मात्र नाही. तुझ्या हस्तलिखिताचं काय ते तू ठरव. मी पुन्हा विचारणार नाही.

बाल्बीना

---

वायादोलिद, २८ डिसेंबर

बाल्बीना,

नाताळाला तुझ्याकडे येऊन गेले तेव्हा जाळीपाशी गर्दी होती आणि प्रुदेन्सिया आल्या दिवसापासून आसनाच्या वासावरून बोंब मारत होती, म्हणून बोलता आलं नाही. हे पत्र त्यासाठी.

बस यायला वेळ होता म्हणून निकासियोच्या दुकानात शिरले. तो आता पांढरा झालाय पण तोंड तेच आहे. दुकानात चार बायका होत्या. त्यांच्यादेखत म्हणाला, “काय गं, ननचे? पुस्तक लिहितेस म्हणे. तुझ्या त्या पाद्री आजोबाचा फोटो टाकणार की नाही?”

बायका हसल्या.

माझ्या तोंडावर आलं होतं, बाल्बीना. तुझ्या घरातल्या त्या बाईचं नाव सांगू का निकासियो, ती कुठे बसली होती आणि काय घालून बसली होती ते सांगू का? एका वाक्यात तो त्याच्याच पिठात बसला असता. पन्नास वर्षं मी त्या वाक्यासाठी थांबले होते.

मी म्हटलं, “एक पाव दे. कडक भाजलेला.” पैसे दिले आणि बाहेर आले.

हस्तलिखित मी महिनाअखेरीस दिलं नव्हतं. मुदत वाढवून घेतली, काल नेऊन दिलं. सहावं प्रकरण आता सहा ओळींचं आहे. तोमासाचं नाव त्यात नाही, पोर नाही, मांजर नाही. आपल्या घराण्याचं तोंड धुवायला एक परिच्छेद पुरला असता, तो मी लिहिला आणि चुलीत घातला. प्रांताचे साहेब विचारत होते, बाई, हे प्रकरण एवढंसं का? मी म्हटलं, त्या साली विशेष काही घडलं नाही.

मी खोटं लिहिलं असं तुला वाटेल. मी खोटं लिहीत नाही. त्या आसनावर बसून मी बघून आले आहे. जी तिथे बसते, ती उठेपर्यंत त्या घराची असते, मग बाहेर तिचा नवरा असो, पोर असो की सिगारेटीचं पाकीट. म्हणून मी लिहिलं: ‘१८३६ साली मोजणी झाली तेव्हा या मठात वीसजणी होत्या.’

वीसच होत्या. मी मोजल्या.

तुझी,
कासिल्दा, ननची